कॅसलरॉकचा सांधा

मुरगाव बंदरापासून सह्याद्रीच्या माथ्यावरील कॅसलरॉकपर्यंत जो लोहमार्ग एकोणिसाव्या शतकात घातला गेला, त्याची लांबी अवघी ५१ मैल. त्याचे नाव मात्र लांबलचक होते : वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे. मालक कंपनी लंडनची, व्याजाची हमी लिस्बनच्या सरकारची, जमीन गोव्याची आणि ज्या मालाच्या आशेवर सारा खटाटोप झाला तो कापूस धारवाड-हुबळीकडचा. इतके धनी असलेला एवढा आखूड मार्ग हिंदुस्थानात दुसरा असेल असे वाटत नाही.

अमेरिकेत अशा मार्गांना 'शॉर्ट लाइन' म्हणतात. दहा मैल, वीस मैल, फार तर शंभर मैल धावणारी, मुख्यतः मालवाहतूक करणारी छोटी कंपनी, असा त्याचा अर्थ. तिचे दुखणे एकच असते. तिच्या रुळांवर चढलेले ओझे तिच्याच रुळांवर मुक्कामास क्वचितच पोचते. कोठेतरी तिला आपली वाघीण दुसऱ्या, मोठ्या कंपनीच्या हवाली करावी लागते, नाहीतर तिच्याकडून घ्यावी लागते. ज्या ठिकाणी हे हस्तांतर होते त्याला आपल्याकडचे रेल्वेकामगार नेमका शब्द वापरतात : सांधा. आखूड मार्गाचे भवितव्य या सांध्यावर ठरते. मुरगावच्या मार्गाचा सांधा कॅसलरॉकला होता आणि कॅसलरॉक ब्रिटिश हद्दीत होते. एवढ्या एका गोष्टीत त्या मार्गाचा पुढचा बराचसा इतिहास सामावलेला आहे.

लोहमार्ग येण्यापूर्वी घाटावरचा व कोकणातला व्यापार बैलांच्या पाठीवर चाले. लमाणांचे तांडे धान्य घेऊन घाट उतरत आणि परतताना मीठ घेऊन वर चढत. या व्यापाराचा हिशेब मोठा शहाणपणाचा होता. बैल रिकामा चालविणे कोणास परवडत नाही, म्हणून उतरतीच्या ओझ्याबरोबर चढतीचे ओझेही ठरलेले असे. गोव्याचे मिठागर हे त्या चढतीच्या ओझ्याचे उगमस्थान. घाटावर गावोगाव जे मीठ पोचे त्यातले बरेचसे किनाऱ्याचे, हे सांगावयास नकोच.

कापसाचे युग आले तेव्हा हे मान अपुरे पडले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि धारवाड जिल्ह्यातील कापसास एकाएकी सोन्याचे मोल आले. तो समुद्रावर कसा न्यावयाचा, हा प्रश्न तेव्हा ब्रिटिश सरकारपुढे उभा राहिला. त्याचे पहिले उत्तर कारवार हे होते. उत्तर कानडा जिल्हा १८६२ साली मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्यास जोडण्यात आला, त्यामागे हेच बंदर होते. कारवारपर्यंत घाटरस्ते झाले, हुबळी-कारवार लोहमार्गाचे बेत आखले गेले आणि कारवारकरांनी आपल्या गावाची दुसरी मुंबई होणार अशी स्वप्ने पाहिली. पण शेजारी मुरगावचे खोल, आडोशाचे बंदर होते. ते पोर्तुगीजांचे असल्यामुळे त्यासाठी तह करावा लागणार होता. तह झाला आणि कारवारचा लोहमार्ग कागदावरच राहिला.

हा तह २६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बन येथे झाला. ब्रिटिश बाजूने वाटाघाटी केल्या त्या रॉबर्ट मोरिअर या वकिलाने. पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री होते जुआंव द आंद्राद कोर्व. पुढे १५ जानेवारी १८८० पासून तो अमलात आला. त्याची मुदत बारा वर्षांची होती. आम्हां कायद्याच्या धंद्यातील माणसांना एक अनुभव नेहमी येतो : मुदतीचे कलम दस्तऐवजाच्या शेवटी असते आणि पक्षकार ते शेवटीच वाचतो. लिस्बनच्या मुत्सद्द्यांनी ते आधी वाचले असते तर बरे झाले असते. कारण लोहमार्ग बांधून होण्यासच त्या बारांतली आठ वर्षे जावयाची होती.

तहाने काय दिले व काय घेतले, हे नीट पाहण्यासारखे आहे. गोव्यास मिळाला लोहमार्ग, बंदर आणि ब्रिटिश मुलखाशी जकातमुक्त व्यापार. सरहद्दीवरची जकात उठली आणि दोन्ही मुलखांस आयात मालाच्या जकातीचे दर एकच झाले. नाणेही एक झाले : गोव्याची टांकसाळ बंद पडली आणि पोर्तुगीज राजाचा मुखवटा असलेले रुपये कलकत्त्यास पडू लागले. मोबदल्यात गोव्याने मिठाच्या उत्पादनावरील व विक्रीवरील सारा ताबा ब्रिटिश हिंदुस्थान सरकारच्या हाती दिला. त्याबद्दल पोर्तुगीज तिजोरीत दरसाल चार लाख रुपये पडावयाचे होते. ताडामाडाच्या रसावर ब्रिटिश धर्तीची अबकारीही आली.

चार लाख रुपये तिजोरीत पडले, पण मिठागर तिजोरीचा नव्हता. तो आगरवाल्याचा होता, गावकरीचा होता, क्वचित एखाद्या देवस्थानाचा किंवा चर्चचाही असे. ज्या मिठावर पिढ्यान्‌पिढ्या घाटमाथ्याशी देवघेव चालली, ते आता परवान्याशिवाय हलविता येईना. माड काढणाऱ्या रेंदेरांचीही तीच गत झाली. त्यांच्यापैकी कितीतरी लोक पोटासाठी मुंबईकडे वळले. येथे व्यापारदृष्ट्या जो विरोधाभास घडला त्याकडे इतिहासकारांचे लक्ष थोडे कमी गेले आहे असे वाटते. गोव्याहून घाटावर जाणारे हक्काचे ओझे म्हणजे मीठ. तेच ओझे, ते वाहून नेणारी गाडी बांधण्याच्या मोबदल्यात, गोव्याच्या व्यापाऱ्याच्या हातून गेले. लमाणाने असा सौदा कधी केला नसता.

जकातीच्या बाबतीतही दैव असेच फिरले. दोन्ही मुलखांस एकच दर म्हणजे ब्रिटिशांनी ठरविलेला दर. ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने १८८२ साली खुल्या व्यापाराच्या तत्त्वास अनुसरून बहुतेक आयात जकाती उठवून टाकल्या. मँचेस्टरच्या कापडवाल्यांना त्याचा आनंद झाला. गोव्याला मात्र आपल्या बंदरात उतरणाऱ्या मालावर मिळणाऱ्या उत्पन्नास मुकावे लागले, आणि तेही बंदर व लोहमार्ग यांवर खर्च चालू असताना.

मार्ग बांधण्याचे काम कठीण होते. मुरगावपासून कासावली, मडगाव, चांदर यांवरून सावर्ड्यापर्यंतचा भाग सोपा. तो १८८७ साली वाहतुकीस खुला झाला. कुळ्यापुढे मात्र डोंगर अंगावर येतो. सोनावली, दूधसागर, करंझोळ ही घाटातली स्थानके ज्यांनी पाहिली आहेत त्यांना तेथील चढ सांगावयास नको. सुमारे चाळीस फूट चालावे तेव्हा एक फूट वर चढावे असा तो उतार. मालगाडीला पुढे इंजिन असले तरी मागून ढकलणारी इंजिने जोडावी लागतात. बोगदे खणले गेले, दूधसागरच्या धबधब्यासमोर पूल बांधला गेला आणि १८८८ साली गाडी सरहद्द ओलांडून माथ्यावर पोचली. तेथे सदर्न मराठा रेल्वेचे रूळ तिची वाट पाहत होते. ही कंपनी १८८२ साली स्थापन झाली होती. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळात कर्नाटकातील गावांपर्यंत धान्य पोचविता आले नाही, त्याचा धडा तिच्या मार्गांच्या आखणीमागे होता. दोन्ही मार्ग मीटर मापाचे असल्याने कॅसलरॉकला माल एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत भरण्याची गरज नव्हती. यंत्रदृष्ट्या सांधा निर्दोष होता.

आता हुबळीतील एखाद्या अडत्याच्या पेढीवर घटकाभर बसल्याची कल्पना करावी. त्याच्याजवळ रुईच्या शंभर गाठी आहेत. नकाशा पाहील तर समुद्र त्याला मुरगावलाच सर्वांत जवळ. पण अडत्या नकाशा पाहत नाही, तो हिशेब पाहतो. मुरगावला आगबोट केव्हा येणार? आली तरी तिचे पोट भरण्याइतका माल धक्क्यावर जमलेला असेल काय? नसेल तर गाठी वखारीत पडून राहणार, वखारीचे भाडे चढणार, व्याज चढणार. माल तारण ठेवून पैसे देणारी पेढी तेथे आहे काय? विमा कोण उतरविणार? मुंबईत हे सारे आहे. कुलाब्याला कापसाचा बाजार आहे, तेथे गाठीला आज नाही तर उद्या गिऱ्हाईक मिळते, आणि विलायतेचा भाव पडला तर मुंबईच्याच गिरणीस माल विकता येतो. मुरगावला विकणारा येतो. घेणारा तेथे राहत नाही.

भाड्याचा प्रश्नही सरळ नव्हता, आणि येथे सांध्याच्या मालकाचे हितसंबंध पाहावे लागतात. सदर्न मराठा रेल्वेचा गदग ते होटगी हा फाटा १८८४ सालीच सुरू झाला होता. सोलापूरजवळ होटगीला तो ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेस मिळे आणि तेथून माल थेट मुंबईस जाई. तेथे मीटर मापाच्या गाडीतून रुंद मापाच्या गाडीत माल बदलून भरावा लागे, ही अडचण खरी. पण गदगचा कापूस कॅसलरॉकला आणला तर या कंपनीला सुमारे १७० किलोमीटरांचे भाडे मिळे. तोच होटगीला नेला तर सुमारे २८० किलोमीटरांचे. आणि १८९० च्या सुमारास लोंढा, बेळगाव, मिरज या मार्गाने पुण्यापर्यंत तिचेच रूळ जाऊन भिडले, तेव्हा मुंबईची आणखी एक वाट तिच्या हाती आली. जी कंपनी सांध्याची धनीण, तिला आपला माल त्या सांध्यावर लवकर सोडून देण्यात रस नव्हता. यात कोणाची दुष्टबुद्धी शोधण्याचे कारण नाही. रेल्वेला जितके मैल आपल्या रुळांवर मिळतील तितके हवेच असतात.

हाच झगडा अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेला. तो कज्जा या विषयावर इतका प्रकाश टाकणारा आहे की थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. न्यू जर्सी राज्यात राहवे व्हॅली नावाचा एक असाच आखूड मार्ग होता. समिट या गावी त्याचे रूळ लॅकावाना या बड्या कंपनीच्या रुळांपाशी जाऊन पोचले, पण ती कंपनी सांधा जोडून देईना. १९०६ साली अमेरिकेच्या काँग्रेसने रेल्वेच्या कायद्यात दुरुस्ती करून असे सांधे जोडून देण्याचे बंधन बड्या कंपन्यांवर घातले होते. त्याच्या आधारे आंतरराज्य वाणिज्य आयोगाने राहवे व्हॅलीच्या बाजूने हुकूम दिला. लॅकावाना न्यायालयात गेली. १९१० साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होम्स यांनी निर्णय दिला तो लॅकावानाच्या बाजूने. त्यांनी कायद्याची भाषा काटेकोरपणे वाचली : आयोगाकडे तक्रार घेऊन जाण्याचा हक्क माल पाठविणाऱ्या व्यापाऱ्यास दिलेला आहे, आखूड मार्गाच्या कंपनीस नाही, हा हक्क कायद्यानेच नव्याने निर्माण केला, तेव्हा कायद्याने ज्याला दिला त्यालाच तो मिळेल.

निकाल कायद्याच्या अक्षरास धरून होता. पुढे कायदाच बदलण्यात आला आणि आखूड मार्गाच्या मालकालाही तक्रारीचा हक्क मिळाला. आज अमेरिकेत हे कलम असे आहे : सांधा जोडणे व्यवहार्य असेल, तो धोक्याविना जोडता येत असेल, आणि त्यावर त्याचा खर्च निघण्याइतका माल येणार असेल, तर बड्या कंपनीने तो जोडून दिला पाहिजे व वाघिणी पुरवितानाही आपपरभाव करता कामा नये. एखाद्या कारखानदारास आपल्या खाजगी फाट्यासाठी हाच हक्क आहे. अर्थात बड्या कंपनीच्या लांब पल्ल्यालाही तेथील कायदा सामान्यतः जपतो. तिला आपले मैल सोडावयास सहसा भाग पाडीत नाही. तरीही दार ठोठावण्यास जागा राहिली. १९८० साली नियंत्रणे सैल झाल्यावर बड्या कंपन्यांनी आपले तोट्यातले फाटे विकले, ते छोट्या कंपन्यांनी घेतले, आणि आज तेथे सहाशेच्या आसपास आखूड मार्ग नांदत आहेत. गावातल्या धान्याच्या कोठारातून निघालेली एकच वाघीण छोट्या गाडीने सांध्यापर्यंत येते, तेथे बड्या गाडीस जोडली जाते आणि हजार मैल जाते. व्यापारी बहुधा एकाच पावतीवर माल चढवितो; भाड्याची वाटणी दोन्ही कंपन्या आपसात करतात.

मुरगावच्या मार्गास असे दार कोणते होते? हुबळीच्या व्यापाऱ्याला तक्रार करावयाची तर ती मुंबई सरकारकडे, आणि मुंबई सरकारला मुंबई बंदराचे हित अप्रिय असण्याचे कारण नव्हते. मडगावच्या व्यापाऱ्याला तक्रार करावयाची तर ती पणजीकडे. पणजीने लिस्बनला लिहावयाचे, लिस्बनने लंडनला, लंडनने कलकत्त्याला. या सांध्यामागे जो काही कायदेशीर आधार होता तो १८७८ च्या तहाचा. त्या तहाची मुदत १४ जानेवारी १८९२ रोजी संपली आणि त्याचे नूतनीकरण झाले नाही. संपूर्ण मार्ग सुरू होऊन तेव्हा चार वर्षेही झाली नव्हती. मिठाचा व अबकारीचा जाच सोसलेल्या गोवेकरांना तह गेल्याचे दुःख झाले नाही. पण तहाबरोबर जकातमुक्त व्यापारही गेला. सरहद्दीवर जकातीची रेघ पुन्हा उमटली. इकडे कुळ्याला पोर्तुगीजांची तपासणी, तिकडे कॅसलरॉकला ब्रिटिशांची. पुढे दोनच वर्षांनी, १८९४ साली, ब्रिटिश हिंदुस्थानने आयात जकाती पुन्हा बसविल्या. ज्या वर्षांत जकातीचे उत्पन्न नव्हते त्या वर्षांत गोवा त्या व्यवस्थेत होता. उत्पन्न सुरू झाले तेव्हा तो बाहेर होता.

रूळ मात्र उखडता येत नव्हते, आणि व्याजाची हमीही. हमीच्या पद्धतीचा परिचय आपल्याकडे सर्वांस आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या भागधारकांनाही १८४९ च्या करारान्वये शेकडा पाच टक्क्यांची हमी होती. पण तेथे हमी देणाऱ्या सरकारच्या हाती सारा देश होता. येथे लिस्बनच्या सरकारने लंडनच्या भागधारकांस व्याज भरून देण्याचे पत्करले होते. मार्गावर माल येवो न येवो, व्याज चुकत नव्हते. अखेर १९०२ साली मार्ग चालविण्याचे काम सदर्न मराठा रेल्वेकडेच सोपविण्यात आले. सांध्याच्या पलीकडचा धनी आता अलीकडचाही कारभारी झाला. खर्च वाचला असेल. पण मुरगावसाठी मुंबईशी भांडेल असे कोणी उरले नाही. १९०८ साली ती कंपनी मद्रास रेल्वेशी एक होऊन मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली, आणि मुरगावचा मार्ग एका अवाढव्य जाळ्याचे शेवटचे टोक बनला.

असे असूनही हा मार्ग निरुपयोगी ठरला असे म्हणणे अन्यायाचे होईल. मँगनीजचे खनिज त्यावरून बंदरात उतरले, घाटावरचे धान्य व भाजीपाला गोव्यात आला, आणि माणसे तर दोन्ही दिशांनी गेली. पोटासाठी मुंबई-पुण्याकडे गेलेला गोमंतकीय जत्रेला, कुळाच्या दैवताच्या दर्शनाला परतू लागला तो पुष्कळदा याच गाडीने. बेळगाव-धारवाडकडच्या कुळाव्यांनाही मंगेशी, म्हार्दोळ, कवळे ही क्षेत्रे पूर्वीपेक्षा जवळ आली. कंपनीच्या भागधारकांनी या वाहतुकीचा हिशेब धरला नव्हता. तिचे मोल त्यांच्या ताळेबंदात फारसे दिसलेही नसेल.

स्वातंत्र्यानंतर सांध्याची सत्ता कॅसलरॉकने एकदा उघडपणे दाखविली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्यात शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला, आणि भारत सरकारने गोव्याची नाकेबंदी आवळली. सरहद्दीवरची गाडी थांबली. ५१ मैलांचा मार्ग आता आणखी आखूड झाला. मुरगावहून निघून डोंगराच्या पायथ्याशी फिरून परत येणारा. गंमत अशी की गोव्याचे बंदर नेमके याच वर्षांत गजबजले. लोहखनिजाची निर्यात, विशेषतः जपानकडे, झपाट्याने वाढली. पण त्या खनिजाच्या मालकांना कॅसलरॉकची गरजच नव्हती, आणि बऱ्याच अंशी रुळांचीही नव्हती. त्यांनी मांडवी व जुवारीच्या काठी आपले धक्के बांधले, बार्जी घातल्या, आणि खनिज पाण्यावरून मुरगावच्या आगबोटीपर्यंत नेले. ज्या सांध्यासाठी मीठ दिले, जकात दिली, व्याज भरले, त्याच्यावाचून गोव्याचा सर्वांत मोठा व्यापार उभा राहिला.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि सरहद्द नाहीशी झाली. मार्ग भारतीय रेल्वेत आला. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात तो रुंद मापाचा झाला, आणि आज तो दक्षिण-पश्चिम रेल्वेच्या हुबळी विभागात मोडतो. सांध्याच्या दोन्ही बाजूंस आता एकच धनी आहे. मालाची दिशा मात्र उलटली. जो मार्ग घाटावरचा माल खाली आणण्यासाठी आखला, त्यावरून मुरगावला उतरलेला परदेशी कोळसा बळ्ळारीकडील पोलादाच्या कारखान्यांसाठी वर चढू लागला. त्या वाहतुकीसाठी मार्ग दुपदरी करण्याचे ठरले तेव्हा गोव्यात मोठा विरोध उठला. नोव्हेंबर २०२० मध्ये चांदरला, कदंबांच्या जुन्या राजधानीच्या गावी, लोक रात्री रुळांपाशी जमले. घाटातल्या जंगलाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे होताच. न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने एप्रिल २०२१ मध्ये प्रतिकूल अहवाल दिला, आणि मे २०२२ मध्ये न्यायालयाने तिनईघाट, कॅसलरॉक, कुळे या टप्प्याच्या दुपदरीकरणास संमती नाकारली. मार्गाचा तो भाग १८८८ साली होता तसा, एकाच पदराने घाट चढतो.